खिडकीच्या मधोमध भिंत

बाईंना भिंतींचा भारी राग. आर्किटेक्ट माणसाने भिंतींवर रागावून कसं चालेल, असं तुम्ही म्हणाल. पण होता राग, त्याला कोण काय करणार! कुणाच्या जुन्या घराचं काम हातात आलं की बाई आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायच्या, एखाद्या भिंतीवर बोटाने टकटक करायच्या आणि मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे नुसतं बघायच्या. मिस्त्री काय ते समजायचा. "म्हणजे हिचीही वेळ भरली," असं पुटपुटत तो कानावरची पेन्सिल काढायचा आणि भिंतीवर फुली मारायचा.

तेव्हा बाईंनी स्वतःसाठी जे घर घेतलं त्यात आत एकही भिंत नव्हती, यात नवल ते काय! पूर्वी तिथे छत्र्यांचा कारखाना होता. दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबट हॉल, दोन पुरुष उंच छत, वर लोखंडी तुळया, पायाखाली जाड फळ्यांची जमीन आणि रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. खिडकी कसली, जवळजवळ भिंतभर काच! लोखंडी चौकटीत बसवलेले लहान लहान चौकोन, मधोमध एक रुंद उभी पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना उघडणारं एकेक झडप. बाईंनी ती खिडकी पाहिली आणि दलालाच्या तोंडावर म्हणून बसल्या, "हेच घर." दलालापुढे असा आनंद कधी दाखवायचा नसतो, हे त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना जन्मभर शिकवलं होतं.

असल्या मोकळ्या कारखानी हॉलच्या घराला आर्किटेक्ट लोक लॉफ्ट म्हणतात. नणंदेला ही बातमी फोनवर कळली तेव्हा तिचा भलताच गोंधळ उडाला. "लॉफ्ट घेतला? अगं वहिनी, पेट्याबिट्या ठेवायला ठीक आहे, पण तुम्ही दोघं राहणार कुठे?"

आता हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर नवऱ्यासाठी. बाईंचा नवरा मुद्रितशोधक. पुस्तक छापून यायच्या आधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. घरात बोलणं अगदी बेताचं, म्हणून सगळ्या गोतावळ्यात त्यांचं नाव पडलं होतं मुनी. लग्न झाल्यापासून सकाळ झाली की बाई ऑफिसला आणि मुनी छापखान्यात, संध्याकाळी दोघं दमूनभागून भेटणार, असंच चालत आलं. अलीकडे छापखान्याने मुनींना घरून काम दिलं होतं. पण बाईंचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे दिवसाउजेडी नवरा कसा दिसतो हे बाईंना फक्त सुट्टीपुरतं ठाऊक. पन्नाशी उलटल्यावर हे त्यांच्या मनाला फार लागायला लागलं. त्यांनी ठरवलं, ऑफिस बंद. मोजकी कामं घ्यायची आणि घरीच टेबल टाकायचं. एका मोठ्या खिडकीखाली दोन टेबलं, एकावर आपण, एकावर मुनी, मधे चहाचा थर्मास. बस्स, एवढंच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि त्या चित्रापायी त्यांनी छत्र्यांचा कारखाना गळ्यात बांधून घेतला होता.

काम सुरू झालं आणि मिस्त्रीच्या डोक्याला ताप झाला. मागच्या बाजूला झोपायचा माळा, माळ्याखाली बाथरूम, बाजूच्या भिंतीला कपाटात मावेल एवढं स्वयंपाकघर, हे एका दमात ठरलं. पण जिना! जिना बाईंनी आधी उजवीकडून चढवला, मग डावीकडून, मग पायऱ्यांमध्ये खण काढले, मग खण नकोत म्हणाल्या. तुळयांना काळा रंग दिला, तो खरवडून करडा दिला. एरवी दुसऱ्याच्या घरात बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. इथे रोज सकाळी नवीन विचार.

"मॅडम, एक काय ते ठरवा," मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाला. "लोकांच्या घरी तुम्ही असं कधी करत नाही."

"लोकांचं घर मला नाही आवडलं तरी चालतं रे!" बाई म्हणाल्या.

जागा मोकळी ठेवण्याबद्दल मात्र त्यांचं मत कधी हललं नाही. माळ्यावरून खाली पाहिलं की एका नजरेत सगळं घर, आणि समोर उजेडाने भरलेली खिडकी.

आणि इथेच बाईंनी माती खाल्ली. कशी, ते सांगतो. बाईंची एक पद्धत होती. कागदावरचा नकाशा सामान्य माणसाला कळत नाही. तो मान डोलावतो आणि घर झाल्यावर रडतो. म्हणून बाई मोकळ्या जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं घर आखायच्या. इथे पलंग, इथे ओटा, इथे दार. मग घरातल्या सगळ्यांना त्यात राहायला लावायच्या, चांगला तासभर. रेघ ओलांडायची नाही, खडूच्या दारातूनच आत-बाहेर करायचं. सुरुवातीला लोक लाजायचे, हसायचे. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणायचं, "अहो, पण मी कपडे घड्या करायला बसणार कुठे?" एका नवरा-बायकोचं तर दोघांनाही पलंगाची भिंतीकडचीच बाजू हवी, यावरून त्या खडूच्या खोलीत उभ्या उभ्या कडाक्याचं भांडण झालं होतं. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पायाने रेघ पुसून दुसरी काढायच्या. या पद्धतीवर त्यांचं नाव झालं होतं.

स्वतःच्या घराला मात्र त्यांनी खडू लावला नाही. कशाला लावायचा? एक गिऱ्हाईक आपण, दुसरं गिऱ्हाईक आपला नवरा. नवऱ्याला काय हवं हे बायकोला विचारावं लागतं होय! त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, "कसं वाटतं?" म्हणाल्या, मुनींनी बराच वेळ पाहिलं आणि "सुंदर" म्हणाले. मुनी एवढंही सहसा बोलत नसत, म्हणून बाई खूश झाल्या.

घर जवळजवळ उभं राहिलं तेव्हा नणंद बघायला आली. जिना चढून धापा टाकत तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली. "मस्त आहे गं! पण पाहुणा आला तर तोंड कुठे लपवायचं? सगळंच कसं उघड्यावर!"

"पाहुण्याने वेळेवर घरी जायचं," बाई म्हणाल्या.

नणंद खो खो हसली. मग खिडकीपाशी दोन टेबलांसाठी राखलेली जागा पाहून म्हणाली, "आणि हे दुसरं टेबल कुणाचं?"

"तुझ्या दादाचं. आणखी कुणाचं असणार?"

"दादाचं? पण दादाने तर छापखान्यात टेबल मागून घेतलंय ना? इकडे आलात की रोज तिकडेच बसणार म्हणत होता." वहिनीचा चेहरा पाहून ती चपापली. "म्हणजे... तुला माहीत नाही?"

 नणंदेपुढे त्या "हो हो, बोलला होता काहीतरी" असं म्हणाल्या खऱ्या. पण ती जिना उतरून गेल्यावर तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच सकाळी उठून बाहेर जाणार. म्हणजे काय केलं आपण? एकटीला बसायला राजवाडा बांधला?

संध्याकाळी जुन्या घरी मुनी कप विसळत होते. बाईंनी पर्सही खाली ठेवली नाही.

"छापखान्यात टेबल घेतलंस?"

"हो," मुनी म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"का?"

"काम करायला."

"घरात काटे टोचतात का?"

मुनींनी कप पालथा ठेवला, हात पुसले. "मी मोठ्याने वाचतो ना," ते जरा ओशाळून म्हणाले.

बाईंना आधी कळेचना. छापखान्यात जोडीने काम चालतं, एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेलं पान तपासतो, हे त्यांना माहीत होतं. पण घरी मुनी एकटेच, तेव्हा मनातल्या मनात वाचत असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. ते खरंखुरं पाहायला त्या घरी होत्या कधी?

"एकटा असतानाही?"

"एकटा असलो तर जास्तच. डोळा फसतो गं, कान नाही फसत. स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणतो मी. दिवसभर तेच. आणि तुझ्या ऑफिसात तर रेडिओलाही बंदी होती. पंखा कुरकुरला तरी तू पेन्सिल खाली ठेवतेस. एका खोलीत कसं जमणार आपलं?"

"मग सांगायचं नाहीस का? एक भिंत घाल म्हणायचं!"

"नकाशा दाखवलास तेव्हा तुझा चेहरा पाहिला असतास तर तूही नसतं सांगितलंस," मुनी हसून म्हणाले. "लग्नातही एवढी खुलली नव्हतीस. म्हटलं, जाऊ दे. दिवसाचं काय एवढं? संध्याकाळी आहेच की मी."

यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान उलट भांडता आलं असतं. बाईंना रडूच आलं. गिऱ्हाइकाच्या घरातल्या म्हाताऱ्याची काठी कुठे टेकेल याचीही चौकशी करणारी आपण, आणि स्वतःच्या नवऱ्याला "कसं वाटतं?" एवढं विचारून मोकळ्या झालो! त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्या रात्री जेवल्याही नीट नाहीत.

रविवारी मिस्त्रीची सुट्टी होती. बाईंनी मुनींना नवीन घरी नेलं, दारातच थांबवलं आणि खडूचा डबा उघडला.

"या साहेब," त्या म्हणाल्या. "आजपासून तुम्ही माझे गिऱ्हाईक. लाजायचं नाही, भिडस्तपणा करायचा नाही. येताना काम आणलंय ना?"

साहेबांनी पिशवीतून गठ्ठा काढून दाखवला. गाईगुरांच्या आजारांवरचं पुस्तक होतं.

बाईंनी आधी मागच्या बाजूला, माळ्याखाली बाथरूमला लागून, एक खोली आखली. मुनी खडूच्या दारावर हवेतच टिचकी मारून आत गेले, रंगाच्या डब्यावर बसले आणि वाचायला लागले. थोड्या वेळाने बाईंनी पाहिलं, तर ते पान कधी नाकाशी धरत होते, कधी हात लांब करून बघत होते.

"छान आहे खोली," मुनी म्हणाले.

"काय छान आहे? तुला अक्षर तरी दिसतंय का?"

"तसं अंधुक दिसतं."

"साहेब, भिडस्तपणा करायचा नाही असं ठरलंय," बाई म्हणाल्या आणि पायाने ती खोली पुसून टाकली.

मग म्हणाल्या, ठीक आहे, भिंतच नको. मी सवय करीन. दोघं खिडकीपाशी बसले. बाईंनी फळीवर कागद लावला. मुनींनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "गाईच्या खुरात जखम झाल्यास स्वल्पविराम प्रथम ती जागा कोमट पाण्याने धुवावी पूर्णविराम." आवाज चांगला खणखणीत होता, घरात बोलण्याचा नव्हेच. बाईंना गंमत वाटली. त्यांनी रेघ ओढली. "जखमेत पू झाला असल्यास स्वल्पविराम..." बाईंनी दात आवळून दुसरी रेघ ओढली, ती वाकडी गेली. पुढे कासेच्या सुजेचा विषय निघाला. बाईंच्या कागदावर आता जिना कुठला आणि खिडकी कुठली, त्यांचं त्यांनाच कळेना. प्रेम आपल्या जागी खरं, पण कानांचं काय करणार! त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही जमत रे," त्या अगदी पडेल आवाजात म्हणाल्या.

"मला माहीत होतं," मुनी म्हणाले. "जाऊ दे ना. छापखाना काही लांब नाही."

"तू गप्प बस जरा."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मुनींच्या डोळ्यांना उजेड हवा. आपल्या कामालाही उजेड हवा. उजेड एकाच ठिकाणाहून येतो. त्या उठल्या, खिडकीच्या मधल्या पट्टीखाली गुडघ्यावर बसल्या आणि तिथून सरळ घराच्या आत खडूची एक लांब रेघ ओढली. मग उजव्या हाताच्या तुकड्याला दुसरी रेघ घालून खोली बंद केली आणि तिला दार काढलं.

मुनी चमकले. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं त्यांनाही कळत होतं. "अगं, भिंत खिडकीवर येतेय!"

"दिसतंय मला."

"तूच म्हणतेस ना, खिडकीवर भिंत आणणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत?"

"म्हणते. आत जाऊन बस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने खडूची रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? त्या डॉक्टरांच्या घरी माझी भिंत चुकून वीतभर खिडकीवर आली, तर तुम्ही चारचौघांत माझी सालं काढली होती!"

"काढली होती. बरोबरच होतं ते."

"मग हे काय?"

"हे चूकच आहे," बाई म्हणाल्या. "पण नीट कर. दोन्ही बाजूंना दुहेरी फळ्या, मधे लोकर ठासून भर. पट्टीला भिडते तिथे रबर लाव. आणि दार असं जड कर की आत कुणी गायला लागलं तरी बाहेर कळता कामा नये."

मिस्त्री मान हलवत कामाला लागला. जन्मभर भिंती पाडायला लावणाऱ्या बाईंनी त्या एका भिंतीपाशी रोज तळ ठोकला. फळ्यांच्या सांध्यातून वारा येतो का ते गालाने तपासलं, दाराच्या कडांना नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवली. भिंत पुरी झाली, आणि खरं सांगायचं तर दिसायला वाईटच झाली. रस्त्यावरून वर पाहिलं की काचेमागे मधोमध भिंतीची कड दिसायची आणि बाईंचा जीव खालीवर व्हायचा. आतून त्यांच्या वाट्याला अर्धी खिडकी उरली. माळ्यावरून खाली पाहिलं की एका नजरेत सगळं घर दिसत नव्हतं ते नव्हतंच.

दोघं राहायला आली. सामान लावता लावता कंबरडं मोडलं, आणि मग एकदाचा कामाचा पहिला दिवस उजाडला. बाईंनी आदल्या दिवशीच नियम जाहीर केला होता, दार बंद असलं की कुणी कुणाला हाक मारायची नाही. सकाळी त्या खाली जाऊन ब्रेड घेऊन आल्या, तर मुनींचं दार बंद. वा, म्हणजे साहेब कामाला लागलेसुद्धा, असं म्हणत त्या टेबलाशी बसल्या.

सगळीकडे शांत. इतकं शांत की बाईंना आपल्याच पेन्सिलीचा आवाज ऐकू यायला लागला. भिंत झकास झाली होती, मिस्त्रीला शाबासकी द्यायला हवी होती. पण बाईंचा हात चालेना. मुनी आत आहेत ना? की आपण खाली गेलो तेवढ्यात पिशवी उचलून छापखाना गाठला? छापखान्यातलं ते टेबल सोडलं का, हे आपण विचारलंच नाही आणि मुनी काही आपणहून सांगणाऱ्यातले नव्हेत. जुनी सवय आहे, तिकडे जोडीदार आहेत, चहाला सोबत आहे. इथे काय आहे? एक खोली आणि बाहेर बसलेली बायको. दारापाशी चपला आहेत की नाहीत हे जाऊन पाहता आलं असतं. बाईंनी मुद्दाम पाहिलं नाही. नसल्या तर काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी कोंडल्यासारखं झालं म्हणून त्यांनी उठून आपल्या बाजूचं झडप उघडलं. रस्त्याचा आवाज आत आला, कुठेतरी सायकलची घंटी वाजली, आणि भिंतीच्या पलीकडून, बाहेरच्या हवेतून वळसा घालून, एक ओळखीचा आवाज आला. "वासराला जुलाब होत असल्यास स्वल्पविराम..."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग कमरेतून वाकून डोकं बाहेर काढलं. पलीकडचं झडपही उघडं होतं आणि तिथे मुनींचं कोपर टेकलेलं दिसत होतं.

"ए मुनी!"

वाचन थांबलं. मुनींनीही डोकं बाहेर काढलं. आत एवढी जाड भिंत, आणि बाहेर दोघांची डोकी हातभर अंतरावर.

"त्रास होतोय का? लावून घेऊ?" मुनींनी घाईघाईने विचारलं.

"नको. असा बाहेरून येतोय तेवढा चालतो. छापखान्यातल्या टेबलाचं काय केलंस?"

"ते? ते कधीच सोडलं."

"कधीच म्हणजे? भिंत झाल्यावर ना?"

"छे गं. त्या रविवारी. तू खडूने दार काढलंस ना, त्याच संध्याकाळी फोन करून सांगून टाकलं."

"अरे पण तेव्हा नुसता खडू होता! खिडकीवर भिंत घालायला माझा हात धजावला असता की नाही, मलाच माहीत नव्हतं. नसती घातली तर काय करणार होतास?"

 खाली रस्त्यावरून कुणीतरी मान वर करून या दोन डोक्यांकडे पाहत गेलं.

"मनात वाचायला शिकलो असतो," मुनी म्हणाले.

 साठीला टेकलेला हा माणूस, जन्मभराची वाचायची रीत मोडायला निघाला होता, आणि ते सांगत होता कसं, तर भाजी आणायला जातो म्हटल्यासारखं. बाईंचे डोळे भरून आले; ते मुनींना दिसू नयेत एवढी जागा दोघांमध्ये नव्हती आणि लपवावेत असंही त्यांना वाटलं नाही.

"वेडा आहेस," त्या म्हणाल्या. "वाच पुढे. वासराचं काय झालं?"

मुनींनी डोकं आत घेतलं, पान शोधलं आणि आवाज थोडा बेताचा करून ते पुन्हा वाचायला लागले. बाई टेबलाशी येऊन बसल्या, झडप तसंच उघडं ठेवलं आणि नव्या कागदावर पहिली रेघ ओढली. बरीच सरळ आली.